पाण्यात म्हैस, वर मोल: टपालाने मागवलेली जुनी बेसबॉल कार्डं

जर्सीचा_बंड्या (एडिसन, न्यू जर्सी)

मंडळी, क्रिकेटवर इथे धाग्यांना तोटा नाही, पण सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेत शाळेत गेलेल्या आपल्यातल्या बऱ्याच पोरांना बेसबॉल कार्डांचा (पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे) नाद लागला होता त्यावर कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा काढतोय. बबलगमच्या पाकिटातून निघालेल्या कार्डांबद्दल नाही विचारत, ती सगळ्यांकडेच होती. मला आठवणी पाहिजेत त्या जुनी कार्डं पोस्टाने मागवायच्या.

म्हणजे बघा, चालू वर्षाची टॉप्स कंपनीची कार्डं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायची. पण आपल्या जन्माआधीची, १९५५-६०ची पाहिजे असतील तर काय करणार? आमच्या भागात तेव्हा कार्डांचं दुकानच नव्हतं. मग मासिकाच्या मागच्या पानांवर बारीक जाहिराती असायच्या, त्यातल्या एखाद्या डीलरला स्वतःचा पत्ता घातलेलं तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं, आणि मग तो कॅटलॉग पाठवणार. वर्तमानपत्री कागद, डोळे फुटतील इतका बारीक टाईप, फोटो जवळपास नाहीतच. साल, कार्डाचा नंबर, खेळाडूचं नाव आणि समोर कार्डाच्या अवस्थेप्रमाणे तीन किमती, निअर मिंट, एक्सलंट आणि व्हेरी गुड. एवढ्यावर पैसे पाठवायचे. म्हैस पाण्यात आणि मोल वर, अगदी तस्संच.

ऑर्डर फॉर्म भरणं ही कला होती हो. एकच कार्ड एका डीलरकडे एकच असायचं, ते आधीच गेलेलं असेल तर काय पाठवू म्हणून खाली 'दुसरी पसंती' लिहायची जागा असायची. ती कोरी सोडली तर पैसे परत येत नसत, क्रेडिट स्लिप यायची, म्हणजे पुढची खरेदी त्याच्याकडेच. म्हणून मी पसंतीची यादी असली लांबलचक लिहायचो की तीत आधी पाहिजे असलेलं कार्ड कुठलं ते त्या बिचाऱ्याला शोधावं लागत असेल. पैसे मनीऑर्डरने, कारण पर्सनल चेक असला तर तो वटेपर्यंत माल अडवून ठेवायचे.

मागवलेलं पहिलं मोठं कार्ड १९५७चं हँक ॲरनचं, व्हेरी गुड मध्ये. पाकिटात दोन पन्हाळी पुठ्ठे, चारी बाजूंनी चिकटपट्टी, ती कात्रीने कापताना हात थरथरायचा कारण आत कार्ड कुठपर्यंत आहे ते कळत नाही. आत पातळ प्लॅस्टिक आणि त्यात ॲरन, डावखुरा! ॲरन उजव्या हाताने खेळायचा. टॉप्सने त्या कार्डाची निगेटिव्हच उलटी छापलीय, हे त्या कॅटलॉगमध्ये कुठे लिहिलं नव्हतं. वर्गात दाखवल्यावर आधी सगळे हसले आणि मग अदलाबदली करायला मागे लागले. बाबा म्हणाले, अरे उलटा छापलेला नोटेचा तुकडा असता तर गोष्ट वेगळी, हा तर पुठ्ठा आहे.

तर सांगा. कुणी कुणाकडून, काय, आणि कसं आलं?

तिकीटबहाद्दर (पुणे)

हे बेसबॉल कार्ड प्रकरण मला सिनेमात बघून माहीत, पण मोल वर ठेवून म्हैस घेण्याचा धंदा आम्हीही केलाय. शाळेत असताना मासिकातली जाहिरात बघून तिकिटांची पाकिटं व्हीपीपीने मागवायचो, 'देशोदेशीची वेगवेगळी शंभर'. पोस्टमनला पैसे मोजल्याशिवाय पाकीट फोडता येत नाही, आणि फोडल्यावर निघणार अजमान आणि फुजैराची भलीमोठी चकचकीत तिकिटं, छापखान्यातच शिक्का मारलेली, ज्यांना मोठे कॅटलॉग विचारतही नव्हते. पण तेव्हा त्यातला घोडा आणि रॉकेट बघून आम्ही खूश.

आणि कार्डांसारखं म्हणाल तर बिग फन बबलगम. त्याच्या कागदावर रन आणि विकेट छापलेल्या असायच्या, त्या जमवून फ्लिपबुक मिळायचं.

प्रश्न: ग्रेड ठरवायचं कोण? डीलर स्वतःच? मग सगळंच निअर मिंट म्हणेल की तो!

मिडवेस्ट_मावशी (विस्कॉन्सिन)

बंड्या, बरं झालं काढलास धागा. आमच्याकडे हा नाद मला आणि माझ्या धाकट्या भावाला, आणि आमचं नशीब असं की पोस्टाने कार्ड विकणाऱ्यांतलं सगळ्यात मोठं नाव आमच्याच राज्यातलं. स्टीव्हन्स पॉइंटचे लॅरी फ्रिट्श. १९७० पासून पूर्ण वेळ हाच धंदा, त्याआधी असं पोट भरता येतं हे कुणाला पटलं नसतं. त्यांचा कॅटलॉग आला की भाऊ वाचायचा आणि मी हिशेब करायचे, कारण आमचे पैसे सामाईक होते आणि त्याला एकट्याला सोडलं तर सगळे मिकी मँटलच्या एकाच कार्डावर गेले असते.

मी ऑर्डरवर फक्त इनिशियल आणि आडनाव लिहायचे. उत्तरं सगळी 'डिअर सर'. एका डीलरने तर चिठ्ठीत लिहिलं होतं, सर, तुमच्या मुलाला शुभेच्छा सांगा. मी सातवीत.

तिकीटबहाद्दर, ग्रेडचं उत्तर: हो, डीलर स्वतःच. मिंट, निअर मिंट, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. बाहेरच्याला हे फार फसवं वाटतं, कारण 'गुड' कार्ड म्हणजे कोपरे गोल झालेले, मध्ये घडी पडलेली, मागे कुणीतरी पेनने लिहिलेलं. पण चांगला डीलर यादीत शब्दांच्या पुढे खुणा द्यायचा, ओसी म्हणजे चित्र मधोमध नाही, मागे मेणाचा डाग आहे, वगैरे. मेणाचा डाग का, तर पाकीट मेणकागदाचं आणि ते गरम करून चिकटवायचे, त्यामुळे टोकाच्या कार्डावर मेण उतरायचं. जुन्या नायलॉनच्या स्टॉकिंगने हळूहळू घासलं की निघतं. आईचे स्टॉकिंग कुठे जातात ते तिला बरीच वर्षं कळलं नाही. गमचा डाग मात्र नाही जात.

पोस्टाचा खरा उपयोग कुठे व्हायचा तर हाय नंबरला. नव्या लोकांसाठी सांगते. १९७३ पर्यंत टॉप्स पूर्ण सेट एकदम बाजारात आणत नसे, सीझनभर थोडे थोडे नंबर यायचे, आणि शेवटचे नंबर येईपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडायचा. तोवर शाळा सुरू, पोरं फुटबॉलकडे वळलेली, दुकानदार नवा माल घ्यायचा नाही. म्हणून त्या शेवटच्या नंबरांची कार्डं कमी. १९६७चं टॉम सीव्हरचं रुकी, म्हणजे पहिलंवहिलं, कार्ड ५८१ नंबरचं आहे, ते गावात कुणाकडे असणारच नाही, ते मागवावंच लागणार. १९७४ पासून सगळा सेट एकदम यायला लागला आणि ही भानगड मिटली.

बे_एरियाकर

+१ मावशी. हाय नंबरचा बाप म्हणजे १९५२. सेट ४०७ कार्डांचा, ३११ पासून शेवटची सिरीज, आणि तो ३११ म्हणजेच मँटल. उशिरा आली, खपली नाही, खोकी टॉप्सच्या गोदामात वर्षानुवर्षं पडून. साय बर्गर, ज्याने तो सेट बनवला, त्यानेच १९६० मध्ये ती बार्जवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवली. त्याने स्वतः कित्येक मुलाखतींत सांगितलंय, आधी ती फुकटाच्या भावात द्यायचाही प्रयत्न केला, कुणी घेईना.

नसता_उद्योग (टोरांटो)

सगळे इतके गहिवरलेत म्हणून जरा थंड पाणी ओततो.

पोस्टाच्या डीलरांचं एवढं कौतुक मला पटत नाही. तुमच्या ऑर्डर बरोबर आल्या असतील, आनंद आहे. मला एका डीलरने (नाव घेत नाही, आता दुकान बंद आहे) 'एक्सलंट' म्हणून १९७१ची जी कार्डं पाठवली त्यांच्या काळ्या किनारीवर स्केचपेन फिरवलेला होता. १९७१ची किनार काळी, जरा घासली की पांढरा कागद दिसतो, मग लोक शाई भरतात. उजेडात तिरकं धरलं की भरलेल्या जागेची चकाकी वेगळी दिसते. परत पाठवायला मुदत दहा दिवस, आणि ती मोजायची कधीपासून यावर पत्रव्यवहार. येता-जाता दोन्हीकडचं पोस्टेज माझं.

दुसरं म्हणजे कापलेली कार्डं. कोपरा झिजला की कडेने केसभर कापायचं, कोपरा पुन्हा टोकदार. म्हणून मी प्रत्येक पाकीट उघडलं की आधी पट्टी घ्यायचो. १९५७ पासूनचं टॉप्स अडीच बाय साडेतीन इंच, त्याआधीची १९५२ ते ५६ची मोठी. छापखान्यातच थोडा फरक असतो हे खरं, म्हणून नुसतं माप पुरत नाही, त्याच सालाच्या दुसऱ्या कार्डावर ठेवून कडा बघायची, ती जास्तच स्वच्छ आणि पांढरी असली की समजा.

तिसरं, नकली. पीट रोझचं १९६३चं रुकी कार्ड, एका कार्डावर चार मुंडकी, ५३७ नंबर, ते ऐंशीच्या सुरुवातीला बनावट छापून विकलं गेलं. भिंगातून बघितलं तर कळतं, पण पोस्टाने भिंग कुठून लावणार?

आणि हे छोट्या डीलरांचंच होतं असं नाही. टी२०६ या तंबाखूच्या कार्डांच्या मालिकेतलं होनस वॅग्नरचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड, हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने १९९१ मध्ये भागीदारीत ४,५१,००० डॉलरला घेतलेलं, ते कापलेलं आहे हे लिलाववाल्या बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. त्याच्यावर आरोप कसला होता माहितीय? मेल फ्रॉड.

जर्सीचा_बंड्या

उद्योगराव, फसवणूक झाली नाही असं कोण म्हणतंय? पण तुम्ही दिलेलं मोठं उदाहरण बघा. ते वॅग्नर पीएसएने, म्हणजे १९९१ मध्ये जी ग्रेडिंग कंपनी निघाली तिने, सुरुवातीलाच ८ ग्रेड देऊन डबीत बंद केलेलं. म्हणजे तिऱ्हाइताने ग्रेड दिली म्हणून कापलेलं कार्ड सरळ होत नाही. पोस्टाच्या डीलरकडून दहा ऑर्डर घेतल्या की त्याचं 'एक्सलंट' म्हणजे काय ते आपल्याला कळायचं. माझा एक होता, त्याचं व्हेरी गुड दुसऱ्यांच्या एक्सलंटच्या तोडीचं, म्हणून त्याच्याकडून मुद्दाम खालची ग्रेड मागवायचो. दुसरा एक, त्याच्या नावापुढे माझ्या वहीत 'एक पायरी कमी धरा' असं लिहिलेलं. शिक्षण झालं ते असं. आता डबीवर आकडा छापलेला असतो, लोक आकडा विकत घेतात, कार्डाची पाठ तरी किती जण वाचतात?

मिडवेस्ट_मावशी

पाठ! अगदी. आमच्या दादांना (वडिलांना दादा म्हणतो आम्ही) बेसबॉल म्हणजे पोरखेळ वाटायचा, त्यांचं सगळं सुनील गावसकर आणि १९७१चे ७७४ रन. पण एकदा १९७३चं रोबेर्तो क्लेमेंटेचं कार्ड आलं, ५० नंबरचं, आणि ते त्यांनी उलटून वाचलं. शेवटच्या ओळीत कारकिर्दीच्या हिट, बरोबर ३०००. एक कमी नाही, एक जास्त नाही. मी सांगितलं, १९७२च्या सीझनच्या शेवटी त्याने तीन हजारावी मारली आणि ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना सामान घेऊन जाताना पोर्तो रिकोजवळ विमान समुद्रात पडलं. कार्ड बाजारात आलं तेव्हा तो नव्हता. दादा म्हणाले, आता ह्याची आधीची सगळी मागव. आणि त्यांनीच पैसे दिले!

मग कळलं की जुन्या कार्डांवर त्याचं नाव रोबेर्तो नाहीच, १९५७ पासून १९६९ पर्यंत टॉप्स त्याला 'बॉब' छापत होतं. त्याला ते आवडायचं नाही. दादांच्या ऑफिसात त्यांनाही सगळे 'व्हिक' म्हणायचे. ते काही बोलले नाहीत, पण त्या कार्डांच्या नोंदीत दादांनी वहीत स्वतःच्या हाताने रोबेर्तो लिहिलं.

तिकीटबहाद्दर

मावशी, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

बे_एरियाकर

मी फोनवाला. ऐंशीच्या मध्यापासून स्पोर्ट्स कलेक्टर्स डायजेस्टमध्ये पानंच्या पानं लिलावाच्या जाहिराती यायच्या, यादी छापलेली, शेवटच्या दिवशी रात्री फोनवर बोली. ठरलेली वेळ झाली तरी लिलाव बंद होत नसे, शेवटच्या बोलीनंतर काही मिनिटं शांत गेली की बंद. म्हणजे सगळे जण मुद्दाम उशिरा फोन करणार आणि लाइन सतत एंगेज. डीलर ईस्ट कोस्टचा, तिकडे मध्यरात्र, इकडे आमच्याकडे नऊ. रात्री अकरानंतर लाँग डिस्टन्स स्वस्त व्हायचं पण अकरापर्यंत थांबलं तर तिकडे दोन वाजलेले, संपलं सगळं. घरी ठाण्याला आजीला फोन करायचा तर तीन मिनिटांचं घड्याळ लावून, आणि मी विली मेजच्या कार्डासाठी होल्डवर. बिल आलं तेव्हा काय झालं ते सांगत नाही.

त्याच डायजेस्टमध्ये ॲलन रोझनच्या जाहिराती, 'मिस्टर मिंट', हातात नोटांच्या गड्ड्या घेऊन फोटो. तो विकण्यापेक्षा विकत घ्यायच्या जाहिराती जास्त करायचा. १९८६ मध्ये त्याला मॅसॅच्युसेट्समध्ये १९५२च्या टॉप्सचा एक साठा मिळाला, अगदी नव्यासारखा. त्यातला एक मँटल त्याने १९९१ मध्ये ५०,००० डॉलरला विकला आणि तोच २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. बर्गरने समुद्रात टाकलेल्या खोक्यांचा विचार करून मी अजून अस्वस्थ होतो.

कोरडा_कागद (शिकागो)

सगळे भाव आणि मँटल. ज्याने हे सगळं मोजून-मांडून ठेवलं त्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून घेतो. जेफरसन बर्डिक, सिरॅक्यूजचा कारखान्यातला कामगार, संधिवाताने बोटं वाकडी झालेली. उद्योगराव ज्याला टी२०६ म्हणतायत ते नाव त्याचं, 'टी' म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, अशी त्याची अमेरिकन कार्ड कॅटलॉगमधली वर्गवारी. तीन लाखांच्या वर कार्डं त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली आणि वर्षानुवर्षं तिथे जाऊन स्वतः ती वह्यांत चिकटवली. १९६३च्या जानेवारीत काम संपवलं आणि मार्चमध्ये गेला. होय, चिकटवली, डिंकाने. आजचा डबीवाला हे ऐकून बेशुद्ध पडेल. त्याचा जवळजवळ सगळा संग्रह पत्रव्यवहारातून झाला होता, तेव्हा दुकान ही कल्पनाच नव्हती.

आणि पोस्टाचा सगळ्यात जुना किस्सा सांगतो. १९३३चा गाउडी गमचा सेट २४० कार्डांचा, त्यात १०६ नंबर कंपनीने छापलाच नाही. पोरं गम घेतायत, घेतायत, १०६ निघतच नाही. ज्यांनी चिडून कंपनीला पत्र लिहिलं त्यांना १९३४ मध्ये नॅप लॅजोवेचं कार्ड पोस्टाने आलं, पत्राला टाचणक्लिप लावून. त्यामुळे आज जी लॅजोवे शिल्लक आहेत त्यांतल्या बऱ्याच कार्डांवर क्लिपची खूण आहे. उद्योगराव, हा तुमच्यासाठी. इथे तक्रार केल्याचा फायदा झाला.

नसता_उद्योग

हाहा, मान्य. क्लिपची खूण असलेलं लॅजोवे मला चालेल, पाठवा.

एक मात्र विचारतो, 'आईने कार्डांचा खोका फेकून दिला' हे अजून कुणी कसं बोललं नाही? प्रत्येक अमेरिकन हेच सांगतो.

मिडवेस्ट_मावशी

आपल्या घरात आईने खोका फेकला? रिकामी दह्याची डबी न फेकणारी आई? आमचा खोका अजून कपाटात आहे, वर जुन्या साड्या.

नवीन_सभासद_नाशिक

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. माझे मोठे काका डेट्रॉइटला होते, मागच्या वर्षी वारले. चुलत बहिणीने त्यांची कार्डं मला फोटो काढून दाखवली, बरीच साठच्या दशकातली वाटतात, काही रबरबँड लावलेली. काही कार्डांवर खेळाडू नाहीत, नुसती नावांची यादी आणि छोटे चौकोन, त्यांत पेन्सिलीने टिक केलेत. बहीण म्हणते ती टाकून देऊ का, आणि बाकीच्यांवरचं पेन्सिलीचं खोडून स्वच्छ करू का?

कोरडा_कागद

अहो थांबवा त्यांना! ती चेकलिस्ट कार्डं. पोरांनी टिक करण्यासाठीच छापलेली, म्हणून टिक न केलेली फार कमी राहिली आणि तीच महाग. टिक केलेली स्वस्त, पण सेटला लागतात, टाकू नका.

जर्सीचा_बंड्या

आणि खोडरबर अजिबात नको. पेन्सिल दिसली तर एक ग्रेड कमी, पण खोडलेलं दिसलं तर कार्डात फेरफार केला म्हणून वेगळीच भानगड, आणि घासलेल्या जागेचा चकाकता थर गेलेला तिरक्या उजेडात दिसतोच. रबरबँड आजच काढायला सांगा, ते वितळून कडेला चिकटतं. जोर लावून ओढायचं नाही, कात्रीने कापून काढायचं.

नवीन_सभासद_नाशिक

सांगतो लगेच. खोक्यात एका डीलरची क्रेडिट स्लिप पण आहे म्हणाली, चार डॉलर शिल्लक, १९८३ची.

नसता_उद्योग

दुसरी पसंती लिहिली नसणार काकांनी.